मन तासात कसं ठेवायचं

डवरणी आठवा. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, दोन ओळींमधून तण काढणारा डवरा चालतो, बैल जरा सरकले की हाकणारा कासरा ओढून त्यांना परत तासात, म्हणजे ओळींमधल्या पट्ट्यात, आणतो. सकाळपासून शंभरदा. बैल सरकले म्हणून कोणी डवरा टाकून घरी जात नाही. अभ्यासात मनही असंच सरकतं. गावच्या अभ्यासिकेत तलाठी आणि पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोरापोरींना मी पहिल्या दिवशी हेच सांगतो: मन सरकलं म्हणून घाबरू नका, परत आणायची सवय लावा.

आधी वेळ ठरवा. मे महिन्यात आपल्याकडे विदर्भात पारा 45 च्या वर जातो. टिनाखाली दुपारी डोकं चालत नाही, त्यात लाईन कधी जाईल नेम नाही. गणित, व्याकरण असं अवघड ते पहाटे 5 ते 8 मध्ये करा. दुपारी नकाशे, जुन्या प्रश्नपत्रिका, आणि माठातलं पाणी हाताशी. तहानलेल्या माणसाचं लक्ष लवकर उडतं.

पहाटे उठायचं तर रात्री लवकर निजावंच लागेल. मोठ्या माणसाला किमान 7 तास झोप हवी, पंधरा-सोळा वर्षांच्या पोराला 8 ते 10. दिवसा वाचलेलं झोपेतच पक्कं होतं, म्हणून जागून केलेली घोकंपट्टी टिकत नाही. संध्याकाळी चहा नको. त्यातलं कॅफिन साधारण 5 तासांनीही अंगात निम्मं उरतं. कोणाच्या घरी गेल्यावर नाही म्हणणं जड जातं, तेव्हा "अर्धाच द्या काकू" म्हणा.

मोबाईल सायलेंट करून उशाशी ठेवला तरी हात जातोच. तो आईकडे द्या.

आता बैठक. फ्रान्सेस्को सिरिलो या इटालियन विद्यार्थ्याने 1980 च्या दशकाच्या शेवटी टोमॅटोच्या आकाराचं स्वयंपाकघरातलं घड्याळ लावून 25 मिनिटांची बैठक सुरू केली, ती इथेही चालते. घंटीचं घड्याळ लावा, शेजारी कोरा कागद ठेवा. मध्येच काही आठवलं की एका शब्दात लिहा आणि त्याच ओळीवर परत या. घंटी झाली की 5 मिनिटं अंगणात फिरा. आमच्या एका पोराचा कागद पहिल्या दिवशी दोन्ही बाजूंनी भरला होता: खताची थैली, मोटर, बहिणीचं लग्न, रिचार्ज. कागद पाहून तो ओशाळला. मी म्हटलं, अरे, जितके शब्द तितक्यांदा तू परत आलास.

गावात गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना होत असेल तर संध्याकाळी जाऊन बसा. तुकडोजी महाराजांनी 1935 मध्ये अमरावती जिल्ह्यात मोझरीला गुरुकुंज आश्रम उभारला, आणि ही प्रार्थना आपल्या खेड्याखेड्यांत रुजली. पाठ ताठ, डोळे मिटलेले, मोबाईल घरी. स्थिर बसण्याचा याहून सोपा सराव मला माहीत नाही.

पहिला आठवडा रोज दोनच बैठका करा, मग एकेक वाढवा. कापूस वेचणीत पहाटेची बैठक बुडेल. त्या दिवसांत वावरातून आल्यावर, हातपाय धुऊन, जेवणाआधी एकच करा.