आधी पोकळी, मग माध्यम: विद्युतचुंबकीय लहरींचा प्रवास वर्गात कसा दाखवावा

लहरी शिकवताना आपण बहुधा पाण्यात खडा टाकून सुरुवात करतो आणि लहर म्हटली की हलायला काहीतरी पदार्थ हवाच, असे मुलांच्या मनात तिथेच पक्के बसते. मग सूर्यापासून सुमारे 15 कोटी किलोमीटरच्या जवळजवळ रिकाम्या अंतरातून वैशाखातले ऊन परभणीच्या रानात कसे पोहोचते, हे समजावणे अवघड जाते. म्हणून क्रम उलटा ठेवावा.

कापूस वेचणीला चहा नेतात तसा, आतून काचेची बाटली असलेला थर्मास घ्यावा. बाटली बाहेर न काढता आत टॉर्चचा प्रकाश टाकून काचेवरचा चांदीसारखा मुलामा प्रत्येकाला नीट पाहू द्यावा. या बाटलीला काचेच्या दोन भिंती असतात आणि त्यांच्यामधली हवा जवळजवळ सगळी काढलेली असते, त्यामुळे वहनाने किंवा अभिसरणाने उष्णता त्या फटीतून जाऊ शकत नाही. मग मुलामा कशासाठी, असे विचारून उत्तरासाठी थांबावे. घाई करू नये. चहाची उष्णता अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या, किरणांच्या रूपाने ती पोकळी ओलांडू शकते आणि त्या किरणांना अडवण्यासाठीच हा मुलामा असतो. माध्यमाशिवाय होणाऱ्या प्रवासाचा याहून चांगला पुरावा घरात मिळणे कठीण, असे मला वाटते.

कारण येथेच सांगावे. बदलते विद्युत क्षेत्र चुंबकीय क्षेत्र निर्माण करते, बदलते चुंबकीय क्षेत्र पुन्हा विद्युत क्षेत्र निर्माण करते, आणि एकमेकांच्या आधाराने ही जोडी पुढे सरकत राहते. हीच विद्युतचुंबकीय लहर; प्रकाश, अवरक्त किरण आणि रेडिओलहरी या सगळ्या अशाच लहरी आहेत. कण हलण्याची गरजच पडत नाही. भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेल यांनी हे 1865 मध्ये गणिताने मांडले, तरी प्रकाशासाठी ‘ईथर’ नावाचे अदृश्य माध्यम असावे ही समजूत टिकून राहिली, आणि 1887 मध्ये मायकेलसन व मोर्ले यांच्या काटेकोर प्रयोगातही त्या ईथरचा मागमूस लागला नाही.

आता माध्यमाकडे वळावे. मोबाइल रिकाम्या माठात ठेवून त्यावर फोन लावला तर तो वाजतो. तोच ॲल्युमिनियमच्या फॉइलच्या दोन-तीन थरांत फट न ठेवता गुंडाळला तर बहुधा संपर्क तुटतो, कारण धातू रेडिओलहरी अडवतो.

त्यानंतर खोलगट वाटीच्या तळाशी नाणे मेणाने चिकटवावे, नाहीतर पाण्याच्या धारेने ते सरकते. काठाआड नाणे दिसेनासे होईपर्यंत विद्यार्थ्याने मागे सरकावे, डोके स्थिर ठेवावे आणि दुसऱ्याने पाणी हळूहळू ओतावे. नाणे पुन्हा दिसू लागते. पोकळीत सेकंदाला सुमारे 3 लाख किलोमीटर असणारा प्रकाशाचा वेग पाण्यात सव्वादोन लाखांवर येतो आणि म्हणूनच पाण्यातून तिरपा बाहेर पडताना किरण वळतो.

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होणाऱ्या, गुरुत्वीय लहरी मोजणाऱ्या लायगो-इंडिया वेधशाळेची माहिती यानंतर द्यावी. तेथे 4 किलोमीटर लांबीच्या दोन नळ्यांमधून लेसरचा प्रकाश जाणार आहे आणि त्या नळ्या निर्वात ठेवल्या जातील. नाण्याचा प्रयोग नुकताच केलेल्या मुलांना ‘असे का’ एवढेच विचारावे. हवेची घनता जरा बदलली तरी प्रकाशाचा वेग बदलेल आणि मोजणी बिघडेल, हे उत्तर त्यांच्याकडूनच यावे.