मॉडिफाय केलेला जुना चेनसॉ घेण्याआधी

बघायला जाताना टॉर्च, प्लगचा पाना, मफलरच्या (म्हणजे सायलेन्सरच्या) स्क्रूला बसेल असा ड्रायव्हर आणि सिलिंडरमधला दाब मोजायचा कॉम्प्रेशन गेज बरोबर घ्या. मालकाला आधीच सांगून ठेवा की आम्ही येईपर्यंत मशीन सुरू करू नका. गरम इंजिन कुणाच्याही हातून चालू होतं, दुखणं कळतं ते थंड असताना.

काम कुणी केलं आणि नेमकं काय केलं, हे विचारा. ‘पोर्टिंग केलंय’, म्हणजे सिलिंडरमधली हवा-धूर ये-जा करायची भोकं (पोर्ट) बदललीत, एवढ्यावर थांबू नका. नुसता मफलर मोकळा केला, पोर्ट घासून रुंद केले, की खालचं गॅस्केट काढून सिलिंडर खाली बसवला? गॅस्केट काढलं असेल तर पिस्टन आणि सिलिंडरच्या माथ्यातली फट किती ठेवली? ती साधारण अर्धा मिलिमीटर ठेवतात. ज्याने मोजली असेल तो आकडा लगेच सांगेल.

मग मफलर उतरवायला लावा. मालक नको म्हणाला तर तिथूनच परत फिरा. मफलरमागच्या पोर्टमधून टॉर्च मारा, स्टार्टरची दोरी हळूहळू ओढा आणि पिस्टनची बाजू नीट बघा. उभे ओरखडे दिसले तर मशीन बहुधा लीन, म्हणजे कमी पेट्रोलवर, चाललंय. मफलर मोकळा करून कार्बोरेटर पुन्हा सेट केलाच नाही, की हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं, त्यातलं ऑइलही कमी पोहोचतं आणि पिस्टन एक्झॉस्टच्या बाजूने सोलून निघतो. पोर्टच्या कडाही बघा. त्या धारदार राहिल्या असतील तर पिस्टनवरची रिंग अडकून तुटू शकते.

प्लग काढून त्या जागी गेज लावल्यावर थ्रॉटल पूर्ण दाबून काटा थांबेपर्यंत दोरी ओढा. धडधाकट साधं मशीन 150 पीएसआयच्या आसपास दाखवतं, पोर्ट केलेलं बहुधा त्याहून जास्त. पण आकडा बघून हुरळू नका, क्रँकचं (पिस्टन फिरवतो त्या दांड्याचं) सील हवा घेत असेल तर ते गेजवर दिसत नाही. त्यासाठी मशीन चालू करा, थ्रॉटल सोडा. आवाज लगेच खाली बसला पाहिजे, नाही बसला तर कुठूनतरी हवा शिरत असेल. चेन ब्रेक आणि ठिणगीची जाळी जागेवर आहे ना, तेही बघा.

एवढं सगळं पटलं तरच जास्तीचे पैसे मोजा. मला विचाराल तर कंपनीतून आलंय तसंच, न उघडलेलं मशीन घेऊन ओळखीच्या मिस्त्रीकडून काम करून घेणं बरं. खर्च जास्त येतो, वॉरंटी असेल तर तीही जाते, पण आत काय केलंय ते आपल्याला माहीत असतं. सुरुवात मफलरपासून करा आणि त्याच दिवशी टॅकोमीटर (इंजिनाचे फेरे मोजायचं यंत्र) लावून कार्बोरेटर सेट करून घ्या.