घडीचा डबा कपाटात नको, पिशवीत ठेवा

सिलिकॉनचा घडीचा डबा कपाटात पडून राहिला तर त्याचा खरा उपयोगच होत नाही. तो रोजच्या पिशवीत असू द्या. बाहेर जेवताना उरलेलं अन्न आणायला, प्रवासात चिरलेली फळं न्यायला तो हाताशीच हवा. रिकामा झाला की दाबून चपटा करायचा, जागा अडत नाही. पातळ पदार्थ भरलात तर मात्र उचलताना तळाला हात द्या. नुसता काठ धरला की बाजू आत दबतात आणि सगळं सांडतं. घासताना घड्यांच्या खाचांमधून बोट फिरवून बघा, तेलाचा चिकटपणा तिथेच राहतो. वास धरलाच असेल तर खाण्याचा सोडा पाण्यात कालवून लावा, थोड्या वेळाने धुवा. आणि पूर्ण वाळल्याशिवाय घडी घालूच नका, आत ओल राहिली की कुबट वास येतो.