सोसायटीचा ई-कचरा: माळ्यावरून रीसायकलरपर्यंत

दिवाळीच्या साफसफाईत माळे रिकामे होतात आणि ठाण्याच्या घोडबंदर रोडपासून नवी मुंबईतल्या नेरूळपर्यंत सोसायट्यांच्या जिन्याखाली जुने मॉनिटर, मिक्सर, सेट-टॉप बॉक्स येऊन बसतात. दोन दिवसांत त्यांच्या वायरी कापलेल्या दिसतात. भंगारात तांब्याला भाव आहे, काचेला नाही. त्यामुळे जुन्या डबा टीव्हीतलं तांबं निघून जातं आणि शिसं असलेली काच कुठेतरी नाल्याकाठी पडते. वायरींचं प्लास्टिक जाळलं की डायॉक्सिनसारखे विषारी वायू निघतात. म्हणून गोळा केलेली वस्तू अखंड द्यायची, हा पहिला नियम.

सोसायटीत ई-कचरा गोळा करायची तारीख ठरवण्याआधी तो घेणारा ठरवा. १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांनुसार रीसायकलर आणि रिफर्बिशर (जुनी वस्तू दुरुस्त करून पुन्हा वापरात आणणारा) यांची केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर नोंदणी लागते. नोंदणी क्रमांक मागा आणि पोर्टलवर स्वतः तपासा. ‘डिसमँटलर’ (वस्तू सुट्या करणारा) म्हणून जुना कागद दाखवणारे भेटतील. नव्या नियमांत तो वेगळा नोंदणी प्रकारच नाही. गाडी कोण पाठवणार, वजन कुठे होणार, रीसायकलिंगचं प्रमाणपत्र कोणाच्या नावाने मिळणार, हे लेखी घ्या.

पैशाचं आधीच सभासदांना सांगून टाका. भंगारवाला जास्त देतो, कारण उरलेल्या घाणीची विल्हेवाट लावायचा खर्च तो करतच नाही. नोंदणीकृत रीसायकलर लॅपटॉपला पैसे देईल, डबा टीव्हीला बहुधा नाही. हे न सांगितल्यास गेटवर वाद ठरलेला.

रविवारी सकाळी नऊ ते एक पुरे. गाडी त्याच दिवशी बोलवा. जागा स्टिल्ट पार्किंगमधली, पण मीटर रूमपासून लांब. पावसाळा असेल तर खाली लाकडी फळ्या. वहीत फ्लॅट नंबर, वस्तू आणि नग लिहा.

सगळ्यात जास्त काळजी बॅटरीची. मोबाइलचं मागचं झाकण उचललेलं दिसलं किंवा स्क्रीन कडेने सुटली, तर आतली लिथियम बॅटरी फुगली आहे. ती चार्ज करू नका, दाबू नका, ‘हवा काढायला’ टाचणी तर मुळीच लावू नका. कोरडी वाळू भरलेल्या पत्र्याच्या डब्यात ठेवा, डबा उघड्यावर ठेवा, झाकण घट्ट लावू नका. सुट्या बॅटऱ्यांच्या टोकांना चिकटपट्टी लावा. अशी बॅटरी सुक्या कचऱ्यात गेली, तर कचरा दाबणाऱ्या गाडीत चिरडून पेट घेऊ शकते. इन्व्हर्टरची बॅटरी उभीच ठेवा, आत ॲसिड असतं. ती रीसायकलरच्या गाडीत न घालता नवी घेताना दुकानदाराला परत द्या.

ट्यूबलाइट आणि सीएफएलमध्ये थोडा पारा असतो. त्या पुठ्ठ्याच्या खोक्यात उभ्या ठेवा. फुटलीच तर पंखा बंद करा, खिडक्या उघडा, दहा मिनिटं खोलीबाहेर थांबा. मग जाड कागदाने तुकडे उचला, बारीक चुरा ओल्या कागदाने टिपा आणि सगळं बरणीत बंद करा. झाडू किंवा व्हॅक्यूम क्लीनर लावला की पारा आणखी पसरतो.

मायक्रोवेव्ह उघडू नका. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागात, जीवघेणा विजेचा दाब राहू शकतो. फ्रिजची नळी कापू नका. बऱ्याच नव्या फ्रिजमधला आर-६०० ए वायू ज्वलनशील असतो. फ्रिज शक्यतो उभाच न्या.

मोबाइल देताना आधी गूगल किंवा ॲपल खात्यातून बाहेर पडा आणि मगच रिसेट करा. क्रम उलटा झाला तर फोन लॉक होऊ शकतो आणि मग चांगला असूनही दुरुस्तीवाल्याच्या कामाचा राहत नाही. सिम आणि मेमरी कार्ड ट्रेमध्येच राहून जातात, तेही पाहा. हार्ड डिस्क नुसती क्विक फॉरमॅट केली तर माहिती परत काढता येते. पूर्ण डिस्कवर एकदा ओव्हरराइट करा, म्हणजे जुन्या माहितीवर दुसरी माहिती लिहा. डिस्क बंद पडली असेल तर आतल्या चकत्यांतून आरपार भोक पाडून द्या. अखंडपणाच्या नियमाला हा एकच अपवाद.

वागळे इस्टेट किंवा महापेतल्या मोठ्या ऑफिसला आणखी एक पाहावं लागतं: आर्थिक वर्षात कधीही नियमांच्या यादीतली किमान १००० उपकरणं वापरात असतील, तर ते ‘बल्क कन्झ्युमर’ ठरतं आणि त्याचा ई-कचरा नियमांत सांगितलेल्या नोंदणीकृत यंत्रणेलाच द्यावा लागतो.

गाडी भरण्याआधी वजनकाट्याचा फोटो घ्या. प्रमाणपत्र आलं की त्यावरचं वजन या फोटोशी आणि वस्तूंची यादी वहीशी ताडून पाहा. फरक असेल तर लगेच लेखी विचारा.