हाल्प द्राय म्हणजे अडीच: जर्मनीत नव्याने आलेल्या मराठी माणसांसाठी

जर्मनीला निघण्याआधी बहुतेकांनी गमतीदार जर्मन शब्दांची एखादी यादी वाचलेली असते. दुसऱ्याच्या फजितीत मिळणारा आनंद म्हणजे शाडनफ्रॉइडं, दूरदेशी जाण्याची हुरहूर म्हणजे फेर्नवे, आणि या शब्दांना इंग्रजीत प्रतिशब्द नाही, असे तिथे मोठ्या कौतुकाने लिहिलेले असते. इंग्रजीत नसेलही, पण आपण त्याचे फार नवल करण्याचे कारण नाही. तोऱ्यात वावरणाऱ्याची फजिती झाल्यावर 'बरी जिरली!' म्हणणाऱ्या माणसाला शाडनफ्रॉइडं समजावून सांगावी लागत नाही. सुधारायला जाऊन आणखी बिघडवून ठेवण्याला जर्मन लोक फेअरश्लिमबेसर्न म्हणतात. आपण 'करायला गेलो गणपती आणि झाला मारुती' म्हणतो. एका जागी चिकाटीने बसून काम तडीस नेण्याच्या गुणाला त्यांच्याकडे झिट्सफ्लाइश म्हणतात, आणि आपल्याकडे गवयाची 'बैठक' पक्की असते.

स्टुटगार्ट परिसरात बरीच वर्षे काढल्यावर नव्याने येणाऱ्यांना मी आग्रहाने एवढेच सांगते की जर्मन भाषा इंग्रजीच्या दारातून न शिकता थेट मराठीतून शिकावी, आणि ज्या शब्दांना मराठीतही कुणी नातेवाईक सापडत नाही, ते शब्द त्यांच्यामागच्या नियमासकट पाठ करावेत. पुण्याच्या किंवा नाशिकच्या इंग्रजी माध्यमातून आलेली आपली मुले नेमके उलटे करतात. मनातले वाक्य आधी इंग्रजीत आणतात, मग जर्मनमध्ये नेतात आणि वाटेत निम्मे हरवून बसतात.

वेळ सांगण्याचेच उदाहरण घ्यावे. कुणी हाल्प द्राय वाजता बोलावले, तर द्राय म्हणजे तीन आणि हाल्प म्हणजे अर्धा, असा इंग्रजी वळणाचा हिशेब करणारा माणूस साडेतीनला पोहोचतो आणि दार बंद झालेले असते. हाल्प द्राय म्हणजे अडीच. आपला 'अडीच' संस्कृतमधल्या 'अर्धतृतीय' या शब्दापासून आला आहे, म्हणजे तिसरा अर्धाच भरलेला. जर्मन माणूसही अगदी तेच म्हणत असतो. 'दीड'साठी त्यांच्याकडे आन्डर्टहाल्प हा स्वतंत्र शब्द आहे आणि त्याची घडणही तशीच, दुसरा अर्धा, अशी आहे. आमच्या श्वाबियन, म्हणजे स्टुटगार्टच्या आसपासच्या, भागात आणि पूर्व जर्मनीत याहून एक पायरी पुढे जाऊन पावणेतीनला 'द्रायफिर्टल द्राय' आणि सव्वादोनला 'फिर्टल द्राय' म्हणतात. ही दुसरी तऱ्हा मात्र आपल्यालाही चकवते, कारण सव्वादोनमध्ये तीनचा उल्लेख आपण करत नाही. डॉक्टरकडची वेळ असेल तर 'म्हणजे चौदा वाजून पंधरा मिनिटे ना?' असे विचारून घ्यावे. त्यात कमीपणा नाही, उत्तर जर्मनीतून आलेले जर्मन लोकही विचारतात.

आकड्यांचेही तसेच आहे. पंचवीसमध्ये आपण आधी पाच आणि मग वीस उच्चारतो. फ्युन्फउंडत्स्वान्झिशमध्येही आधी पाच आणि मग वीस येतात. इंग्रजीतून येणाऱ्याला दूरध्वनी क्रमांक लिहून घेताना घाम फुटतो, पण मराठीतून ऐकणाऱ्याचा हात आपोआप चालतो. परवा हा शब्दही इथे आहे, फक्त येणाऱ्या परवाला यूबरमॉर्गन आणि गेलेल्या परवाला फोरगेस्टर्न असे दोन वेगळे शब्द आहेत, ही त्यांची सोय म्हणायची.

आता 'डॉख'. हा लहानसा शब्द पहिल्याच आठवड्यात लागतो, म्हणून त्यावर थोडे थांबते. नोंदणी कार्यालयातला अधिकारी आपल्या कागदांवर नजर टाकून विचारतो, 'तुमच्याकडे घरमालकाचा दाखला नाही?' दाखला पिशवीत आहे. आपण नुसते 'या', म्हणजे 'हो', म्हणालो, तर 'हो, नाही' की 'हो, आहे' हे त्याला कळत नाही. 'नाइन' म्हणालो, तर तो 'नाही' असे समजून फाइल मिटतो. अशा वेळी म्हणायचे 'डॉख!', म्हणजेच आपले 'आहे की!'. नकारार्थी प्रश्नाला ठाम होकार द्यायचा असला की मराठी माणूस जिथे 'की' लावतो, तिथे जर्मन माणूस डॉख म्हणतो. 'तू येणार नाहीस?' 'येणार की!' हे एवढे लक्षात ठेवले तर डॉख आयुष्यात चुकत नाही. बोलण्यात पेरल्या जाणाऱ्या इतर बारीक शब्दांचाही असाच उलगडा होतो: 'माल' म्हणजे आपले 'जरा', वाक्याच्या शेवटी येणारे श्वाबियन 'गेल?' म्हणजे आपले 'हो ना?', आणि 'हाल्ट' म्हणजे 'आता ते तसंच असतं हो' यातला तो सुस्कारा.

वर ज्या दाखल्याचा उल्लेख आला, त्याचे नाव वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग असे आहे. अशा लांबलचक शब्दांना घाबरू नये. शाळेत शिकलेला तत्पुरुष समास आठवावा, ज्यात शेवटचे पद प्रधान असते. वोनुंग म्हणजे राहते घर, गेबर म्हणजे देणारा, बेश्टेटिगुंग म्हणजे पुष्टी. आपल्या एखाद्या संस्कृतप्रेमी अधिकाऱ्याने 'गृहदातृप्रमाणपत्र' असा शब्द पाडला असता, तसाच हा आहे. शब्द शेवटाकडून वाचावा, म्हणजे वस्तू काय आहे ते कळते, आणि लिंगही शेवटच्या पदावरूनच ठरते, जसे वाडा पुल्लिंगी म्हणून राजवाडाही पुल्लिंगी. हा दाखला घेऊन घरात राहायला आल्यापासून दोन आठवड्यांच्या आत आनमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची सरकारी नोंदणी, करावी लागते. पहिल्या नोंदणीनंतर ११ अंकी करक्रमांक टपालाने येतो, बँक आणि नोकरी यांची पुढची कामे बहुधा या नोंदणीवरच अडलेली असतात, आणि काही दिवसांत रुंडफुंकबाइट्राग नावाच्या प्रसारण शुल्काचे पत्रही येते. ही फसवणूक नव्हे. घरात टीव्ही नसला तरी ते भरावे लागते, २०२१ पासून ते दरमहा १८.३६ युरो आहे, आणि ते माणशी नसून घरटी असल्यामुळे चार मित्र एकत्र राहत असतील तर चौघांत मिळून एकदाच भरायचे असते.

टपालाने येते म्हटले, पण टपालपेटीवर आणि घंटीवर आडनाव नसेल तर पोस्टमन पत्र परत नेतो. पत्नीने माहेरचे आडनाव ठेवले असेल तर दोन्ही आडनावे लावावीत. आपल्या पारपत्रात वडिलांचे किंवा पतीचे नाव मधे असते आणि इथली कार्यालये कधी त्यालाच दुसरे नाव समजतात, तेव्हा करारावर, पेटीवर आणि बँकेत एकच लेखन राहील असे पाहावे.

घर शोधताना काल्टमीटं आणि वार्ममीटं हे दोन शब्द भेटतात. शब्दशः ते थंड भाडे आणि गरम भाडे असले तरी पहिले म्हणजे नुसत्या जागेचे भाडे, आणि दुसऱ्यात नेबेनकोस्टन, म्हणजे पाणी, कचरा, जिन्यातला दिवा आणि सहसा हीटिंग यांचा अंदाजे खर्च, मिळवलेला असतो. वर्षाअखेरीस हिशेब होतो आणि जास्त वापर निघाला तर फरक भरावा लागतो, त्यामुळे पहिल्या हिवाळ्यानंतरच्या बिलासाठी काही रक्कम बाजूला ठेवलेली बरी. कायद्याने अनामत रक्कम तीन महिन्यांच्या काल्टमीटंपेक्षा जास्त मागता येत नाही आणि ती तीन मासिक हप्त्यांत देण्याचा हक्क भाडेकरूला आहे; घरमालक हे आपणहून सांगेलच असे नाही.

अनामत पुष्कळदा बुरशीपायी कापली जाते, आणि त्यावरचा उपाय म्हणजे श्टोसल्युफ्टन. खिडकी नुसती वरून कलती करून दिवसभर ठेवायची नाही. दिवसातून दोन-तीन वेळा ती सताड उघडायची, पाच-दहा मिनिटांत घरातली दमट हवा बाहेर घालवायची, आणि पुन्हा घट्ट लावून घ्यायची. खिडकी कलती ठेवली तर भिंती गार पडतात, त्या गार भिंतीवर वाफ धरते आणि कोपऱ्यात काळे ठिपके उमटू लागतात. आपल्या घरात भाताचा कुकर, आमटीची उकळी आणि आत वाळत घातलेले कपडे असा तिहेरी दमटपणा असतो, म्हणून आपण हे इतरांहून जास्त पाळायला हवे. अनेक भाडेकरारांत ते स्पष्ट लिहिलेलेही असते.

यापुढचा शब्द खास आमच्या भागातला. केअरवोखं म्हणजे झाडण्याचा आठवडा. त्याचे मूळ स्टुटगार्टच्या १४९२ च्या नगरनियमांपर्यंत नेले जाते. एखाद्या सोमवारी आपल्या दाराच्या मुठीला दोरीने टांगलेली एक लहानशी पाटी दिसते. शेजारणीने तिची पाळी संपवून ती आपल्याकडे दिलेली असते, आणि त्या आठवड्यात मजल्यासमोरचा जिना झाडून पुसणे हे आपले काम असते. ही झाली लहान केअरवोखं. मोठीत तळघराची वाट, अंगण, पदपथ आणि हिवाळ्यात बहुधा बर्फही येतो. काम सहसा शनिवारपर्यंत आटोपतात. जिना स्वच्छ दिसत असला तरी पुसावा, कारण इथे धुळीइतकेच आपण तो पुसला की नाही याकडेही लक्ष असते. माझ्या मते शेजाऱ्यांशी ओळख होण्याचा याहून स्वस्त मार्ग नाही: हातात बादली असलेल्या माणसाशी श्वाबियन म्हातारीही बोलायला थांबते.

रूअत्साइट म्हणजे शांततेची वेळ. रात्री दहा ते सकाळी सहा आणि रविवारी पूर्ण दिवस. रविवारच्या विश्रांतीला थेट राज्यघटनेचे संरक्षण आहे. दुकाने बंद असतात, भिंतीला भोक पाडायचे नसते, काचेच्या बाटल्या मोठ्या डब्यात टाकायच्या नसतात. चटणीचा मिक्सर रात्री साडेदहाला लावू नये. कुकरच्या शिट्टीवर अजून कुणी तक्रार केल्याचे माझ्या ऐकिवात नाही, पण नव्या शेजाऱ्याला ती एकदा समजावून सांगितलेली बरी.

प्फांट ही बाटलीवरची ठेव आहे; एकदाच वापरायच्या प्लास्टिक बाटलीवर आणि पेयाच्या डब्यावर २५ सेंट, पुन्हा भरल्या जाणाऱ्या बाटल्यांवर बहुधा ८ किंवा १५ सेंट. भारतात पाण्याची बाटली रिकामी झाल्यावर चुरगाळण्याची सूचना तिच्यावरच छापलेली असते. ती सवय इथे सोडावी, कारण चुरगाळलेल्या बाटलीवरची खूण वाचता आली नाही की दुकानातले बाटल्या परत घेणारे यंत्र ती परत ढकलते.

संबोधनाबाबत मराठी माणसाला अर्धी वाट माहीत असते, कारण डू आणि झी म्हणजे तू आणि तुम्ही. फरक इतकाच की आपल्याकडे नाते आणि वय पाहून ते आपोआप ठरते आणि इथे ते परस्परसंमतीने ठरते. 'आपण डू म्हणू या का?' हे वयाने किंवा हुद्द्याने मोठ्या माणसाने विचारायचे असते, आणि एकदा ठरले की पुन्हा झीवर जाणे म्हणजे अबोला धरण्यासारखे मानले जाते. कुटुंबात मात्र आजोबांपासून सगळेच डू असतात. देवालाही ते डूच म्हणतात, जसे आपण विठोबाला तू म्हणतो.

कार्यालयात दुपारी कुणी समोरून जाता जाता 'मालत्साइट!' म्हणाले तर ते जेवणाचे निमंत्रण नसते. तो दुपारचा नमस्कार आहे आणि उत्तरही 'मालत्साइट' एवढेच. संध्याकाळी 'शोनन फायरआबेंड' म्हणतात. फायरआबेंड म्हणजे कामाचा दिवस संपल्यानंतरचा स्वतःचा वेळ, आणि तो इथे गांभीर्याने घेतला जातो. सहकाऱ्याने संगणक बंद केल्यावर त्याला 'फक्त पाच मिनिटे' म्हणून थांबवू नये, आणि आपणही साहेब बसले आहेत म्हणून बसून राहू नये. उशिरापर्यंत बसणाऱ्याचे इथे कौतुक होत नाही, उलट त्याला वेळेचे नियोजन जमत नाही असा समज होतो.

राहिला ब्र्युकनटाग, म्हणजे सुट्टी आणि शनिवार-रविवार यांच्यामधला पुलासारखा दिवस. ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणाची सुट्टी नेहमी गुरुवारीच येते, आणि आमच्या बाडेन-व्युर्टेम्बेर्ग राज्यात फ्रोनलाइशनाम या कॅथलिक सणाची सुट्टीही गुरुवारीच असते, त्यामुळे त्यापुढच्या दोन्ही शुक्रवारी एक रजा टाकली की चार दिवस मोकळे मिळतात. जुने कर्मचारी हे अर्ज जानेवारीतच देऊन ठेवतात. एप्रिलमध्ये विचारायला गेलेल्या नव्या माणसाला त्या शुक्रवारी बहुधा कार्यालयात फोन सांभाळत बसावे लागते.