डब्ल्यूसी पॉलिसी घेताय? या चुका टाळा

भोसरीत, नऱ्ह्यात किंवा वाघोलीत आठ-दहा माणसांवर वर्कशॉप चालवणारे बरेच मालक डब्ल्यूसी (वर्कमेन्स कॉम्पेन्सेशन, म्हणजे कामगाराच्या अपघाताच्या भरपाईचा विमा) पॉलिसी काढतात, कारण ती नसेल तर चाकणच्या मोठ्या कंपनीच्या गेटवर माणसं अडवतात. प्रत दाखवली, गेटपास झाला, कागद फायलीत गेला. त्यात काय लिहिलंय ते अपघात झाल्यावरच वाचलं जातं.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की हवी. १९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्यानं विमा सक्तीचा केला नव्हता, भरपाई सक्तीची केली होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून तो कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत गेला, जबाबदारी मात्र मालकावरच राहिली. विमा कंपनी तुमच्या वतीनं पैसे भरते, आणि तेही तुम्ही प्रपोजल फॉर्मवर लिहून दिलंय तेवढ्यापुरतेच.

हप्ता वाचवायला फॉर्मवर काहीही लिहिणं

सगळ्यात महागात पडते ती हीच चूक. पॉवर प्रेसवर बसणारा माणूस फॉर्मवर ‘पॅकिंग हेल्पर’ होतो, अठरा हजारांचा पगार नऊ हजार होतो आणि बारा माणसांची सात होतात. ‘शेठ, हप्ता कमी बसेल’ म्हणत एजंटही मान डोलावतो.

आता हिशेब बघा. कामगाराचा मृत्यू झाला तर महिन्याच्या पगाराचे ५० टक्के गुणिले वयानुसार ठरलेला गुणक, एवढी भरपाई. पगार कितीही असला तरी २०२० पासून हिशेबात जास्तीत जास्त १५,००० धरतात. तिसाव्या वर्षाचा गुणक २०७.९८. म्हणजे ७,५०० गुणिले २०७.९८, एकूण १५,५९,८५० रुपये. नऊ हजारांच्या पगारावर हाच आकडा ९,३५,९१० येतो. भरपाईचा निकाल देणारे आयुक्त (नव्या संहितेत ‘सक्षम प्राधिकारी’) खरा पगार धरणार, विमा कंपनी कागदावरचा धरून हात आखडता घेऊ शकते. मधले सव्वासहा लाख कुणाच्या खिशातून जाणार? माणूस जिवंत राहिला पण कायमचा पूर्ण अपंग झाला, तर ५० च्या जागी ६० टक्के धरतात, म्हणजे रक्कम आणखी वाढते.

वर्षाच्या मध्ये नवी माणसं लावली, कुणाचा पगार वाढवला, की एंडॉर्समेंट, म्हणजे पॉलिसीत तसा लेखी बदल, करून घ्या. रिन्यूअलची वाट बघू नका.

‘आमचं ईएसआय आहे की!’

असेल, पण सगळ्यांचं आहे का? दहा माणसं झाली की ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) लागतं, पगारावर मालकाचे ३.२५ आणि कामगाराचे ०.७५ टक्के. ज्याचं ईएसआय भरताय त्याच्यासाठी वेगळी डब्ल्यूसी लागत नाही. पण २१,००० च्या वर पगार घेणारा सुपरवायझर ईएसआयमध्ये बसत नाही आणि ‘ईएसआय आहे’ म्हणून पॉलिसीतही त्याचं नाव नसतं. दिवसभर मशीनशेजारी उभा असतो तो हाच माणूस.

ग्रुप अ‍ॅक्सिडेंट पॉलिसीचंही तसंच. ती चांगली गोष्ट आहे, पण तिनं मालकाची कायदेशीर जबाबदारी फिटत नाही.

मुकादमाची पोरं

ऑर्डर अंगावर आली की मुकादमाकडून चार पोरं बोलावली जातात. काम तुमच्या धंद्याचंच असेल तर ठेकेदाराच्या माणसाची भरपाई तुमच्याकडूनही मागता येते. तुम्ही ती नंतर मुकादमाकडून वसूल करू शकता, पण तोवर तो फोन उचलेल का, हे तुम्हीच ठरवा. पॉलिसीत ठेकेदाराची माणसं आणि कामाची ठिकाणं स्पष्ट लिहून घ्या. साइटवर फिटिंगला माणसं पाठवत असाल तर नुसता वर्कशॉपचा पत्ता पुरणार नाही. उपचाराच्या खर्चाचं कलम आहे का आणि त्याची मर्यादा किती, तेही बघा.

घरून कामावर येताना झालेला अपघातही आता सोडून देता येत नाही. मराठवाड्यातल्या साखर कारखान्याच्या एका पहारेकऱ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२५ मध्ये, वेळ, जागा आणि परिस्थितीचा नोकरीशी संबंध जुळत असेल तर असा अपघात कामावरचाच धरला. नव्या संहितेतही तशी तरतूद आहे.

अपघात झालाच तर

आधी दवाखाना, मग त्याच दिवशी विमा कंपनीला लेखी कळवणं. मृत्यू किंवा गंभीर इजा असेल तर भरपाई आयुक्तांना सात दिवसांत अहवाल द्या. ‘तो प्यायलेला होता’, ‘मशीनचा गार्ड त्यानंच काढला’ हे बचाव मृत्यूच्या किंवा कायमच्या पूर्ण अपंगत्वाच्या प्रकरणात चालत नाहीत.

आणि गावाहून आलेल्या भावाच्या हातात दोन लाख ठेवून पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर ‘आमची काही तक्रार नाही’ असं लिहून घेऊ नका. हक्क सोडून देणारा असा करार कायद्यानं रद्दबातल ठरतो. मृत्यूची भरपाई आयुक्तांकडेच जमा करावी लागते. परस्पर दिलेली रक्कम भरपाई म्हणून धरत नाहीत, फार तर तीन महिन्यांच्या पगाराएवढी उचल वळती होते. एक महिन्यात पैसे भरले नाहीत तर १२ टक्के व्याज लागतं, आणि उशिराला सबळ कारण नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत दंड. हा दंड सहसा विमा कंपनी भरत नाही.