पार्ट ओरिजनल टाकायचा की लोकल, कसं ठरवायचं

मेकॅनिक मशीन उघडून बसला की विचारतो, "कंपनीचा टाकू का लोकल?" आणि आपण नुसती किंमत ऐकून हो-नाही करतो. त्याआधी एक विचारा, हा पार्ट उद्या गेला तर नुसतं मशीन बंद पडेल की घरात कुणाला इजा होईल?

मिक्सरचा कपलर (मोटर आणि भांडं जोडणारी चकती), मोटरचे कार्बन, वॉशिंग मशीनचा बेल्ट, पंख्याचा कपॅसिटर हे बिनधास्त लोकल घ्या, फक्त माप तंतोतंत पाहिजे. पंख्याला बहुतेक वेळा 2.5 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असतो, जुन्यावर छापलेलंच असतं, तोच आकडा मागायचा, स्पीड वाढेल म्हणून कुणी मोठा टाकतो म्हणाला तर सरळ नको म्हणा कारण वाइंडिंग, म्हणजे मोटरमधली तारेची गुंडाळी, तापतं. बेल्टवर पण नंबर असतो. जुना पार्ट हातात घेऊनच दुकानात जा, पुण्यात तपकीर गल्ली, मुंबईत लोहार चाळ, तिथे नमुना दाखवला की काम लवकर होतं.

गिझरचं मात्र वेगळं. पाणी तापलं की वीज बंद करणारा थर्मोस्टॅट अडकला तर कटआउट वीज तोडतो, तोही चालला नाही तर प्रेशर व्हॉल्व्ह वाफ बाहेर सोडतो, म्हणजे तिन्ही आपल्या जिवासाठीच आहेत, इथे शंभर-दोनशे वाचवू नका प्लीज. प्रेशर कुकरचा सेफ्टी व्हॉल्व्ह तसाच, कुकर जास्त तापला की त्यातला धातू ठराविक तापमानाला वितळतो आणि वाफेला वाट मिळते, स्वस्तातल्या नकली व्हॉल्व्हमध्ये तो वेळेवर वितळेल याची खात्री कोण देणार? तो कंपनीचाच, आणि रिंगसुद्धा.

इन्व्हर्टर एसी किंवा फ्रिजचा बोर्ड गेला तर नवीन घ्यायच्या आधी चांगल्या माणसाकडून जुनाच रिपेअर होतो का बघा, नाहीतर त्याच मॉडेलचा ओरिजनल.

लोकल म्हणजे डुप्लिकेट नव्हे हं. लोकलवाला स्वतःच्या नावाने विकतो, डुप्लिकेटवाला कंपनीचं खोकं छापतो आणि पैसेही कंपनीचेच घेतो, म्हणून ओरिजनल म्हणून घेताना पार्ट नंबर जुळवा, एमआरपी बघा, पक्कं बिल मागा. मशीन वॉरंटीत असेल तर बाहेरच्याला उघडूच देऊ नका, आधी कंपनीला फोन. आणि काढलेला जुना पार्ट मेकॅनिककडून मागून घ्या, खरंच बदललाय का ते तिथेच कळतं.